चार की पाच

"हाड जुळलंय म्हंतोय डाक्टर, मग झालं की. शाळा बघ, घर बघ. परत त्या सायकलीवर कशापायी?"

"मामा, शाळेला मी सायकलीवरनंच जातो रोज."

"शाळेला जायाला कोण नको म्हंतंय? १४० किलोमीटर खडीतनं जाणार हाईस म्हणून तुझी आई सांगत हुती. त्येचं इचारतोय."

कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरची नोव्हेंबरातली संध्याकाळ. म्हशी ओळीनं उभ्या, धारेचा आवाज चाललेला आणि मामांच्या हातातल्या पेल्यावर चार बोटं फेस. तालमीत होते तेव्हापासून मामा इथंच दूध पितात. पायरीवर आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो, दोघांचेही उजवे पाय सरळ पुढं पसरलेले. त्यांचा गुडघा चाळीस वर्षांपूर्वी गेला, माझी मांडी जानेवारीत मोडली. (आमच्याकडं बायका 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात. लिहिताना माझ्या हातून 'आले, गेले' उतरतं, पण मामांशी झालेलं बोलणं झालं तसंच ठेवलं आहे.)

जानेवारी म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात. उसानं भरलेल्या डबल ट्रॉल्या रात्रभर धावतात आणि वळणावळणावर पाच-दहा ऊस सांडून जातात. पहाटे साडेपाचच्या अंधारात माझं पुढचं चाक तशाच एका उसावर चढलं, ऊस गरकन फिरला आणि मी मोरीच्या कठड्यावर आदळले. मांडीचं हाड मधोमध मोडलं. शरीरातलं सगळ्यात लांब आणि दणकट हाड ते. मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. आता त्या हाडाच्या पोकळीत टायटॅनियमची सळई आहे, वर एक आणि खाली दोन स्क्रू. ऑगस्टातल्या एक्स-रेमध्ये मोडीच्या भोवती नवं हाड भरून आलेलं दिसलं, आणि डॉक्टर म्हणाले, जुळलं.

पण मांडी म्हणजे नुसतं हाड नाही. आई ब्लाऊज शिवते. तिच्या टेपनं मी फेब्रुवारीपासून दर रविवारी मोजत आले: गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटीमीटर वर स्केचपेननं खूण करायची आणि तिथला घेर घ्यायचा. फेब्रुवारीत उजवी मांडी डावीपेक्षा साडेपाच सेंटीमीटरनं बारीक भरली होती. अंथरुणाला खिळलेला स्नायू किती भराभर वितळतो, हे मला स्वतःच्या पायावर कळलं. गुडघा वाकवायला टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घालायची, म्हणजे ती चादरीवरून सरकते, आणि टाच इंचाइंचानं मागं ओढायची. पहिल्या आठवड्यात गुडघा ४० अंशांपर्यंत वाकला. सायकलचं पायडल पूर्ण फिरायला साधारण ११० अंश लागतात.

"त्या ११० साठी मला तारीख लागली, मामा. डिसेंबरातली तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलो म्हणून पाय वाकवलो. नाहीतर ९० वर थांबलो असतो. खुर्चीत बसायला तेवढं पुरतं."

"तारखेनं माणूस उठतोय बी आणि पडतोय बी," मामा म्हणाले. त्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. त्यांनी पेला रिकामा करून मिशीवरचा फेस पुसला. "बरं, बक्षीस काय हाय?"

"काही नाही."

"मग लढतीस कुणासंगं?"

"वेळेशी. १२ तासांत पोचायचं."

"घड्याळाला चीतपट करता येत न्हाय, पोरी. कुस्ती म्हंजे दोघं. एक वर, एक खाली. नुसतं पोचल्याबद्दल आमाला कधी कुणी नारळ बी दिला न्हाय."

शर्यत म्हणजे आम्हा सायकलवाल्यांनी आपापसात ठरवलेली. फलक नाही, ढोल नाही. दूधगंगेच्या कॅनॉलकडेची मुरमाची वाट, शेताशेतांतल्या पाणंदी, राधानगरीकडचा जांभ्या दगडाचा चढ आणि सुट्या खडीचा उतार. पंक्चर आपलं आपण काढायचं, पाणी आपलं आपण वाहायचं. आपल्या हायवेवरून पुणे-गोवा डेक्कन क्लिफहँगर जाते, ६४३ किलोमीटर, पण ती डांबरावरची. कच्च्या वाटेच्या शर्यतींचं मोठं नाव अमेरिकेत आहे. कॅन्ससमध्ये एम्पोरिया नावाचं गाव आहे, तिथं २००६ पासून अशी शर्यत होते. तिचा मुख्य पल्ला ३२० किलोमीटरचा. वाटेवर चकमकीचा दगड, टायर चिरणारा. २०२३ मध्ये पावसानं सगळी वाट कालवली आणि भलेभले सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवत गेले.

हे सांगितल्यावर मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी ओळख उमटली. "म्हंजे आमची पावसाळ्यातली पाणंद. बैल बसायचं तितं."

"तीच."

"मग डांबरावरनं जा की. तितं काय वाईट हाय?"

आता मला माझं खरं म्हणणं सांगता आलं. डांबरावर चांगला पाय वाईट पायाचं झाकतो. सप्टेंबरात मी हायवेवर ६० किलोमीटर मारले आणि मला वाटलं, झाली मी पूर्वीसारखी. मग कॅनॉलच्या वाटेवर गेले. तिथं मुरूम चाकाखाली बोलतो. डाव्या पायानं दाबलं की मागचं चाक जरा घसरून 'चर्र' वाजायचं आणि उजव्यानं दाबलं की काहीच नाही. चर्र, गप्प, चर्र, गप्प. सगळा भार डावा पाय ओढत होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्या दिवसापासून मी आवाजावर सराव केला. गिअर हलका ठेवायचा, बूड सीटवरून उचलायचं नाही, उजव्या पायाचा 'चर्र' डाव्याइतका होईपर्यंत तीच दोन किलोमीटरची पट्टी परत परत. नोव्हेंबरपर्यंत दोन्ही आवाज जवळपास सारखे झाले. टेपनं दीड सेंटीमीटरचाच फरक उरला.

मामांनी हे लक्ष देऊन ऐकलं. "ह्ये बरं सांगितलंस. माती बी तसंच सांगती. हौद्यात पाय कुठं किती रुतलाय बघून आमचं वस्ताद म्हणायचं, आज ह्या अंगानं कमी हाईस." पण लगेच मान हलवली. "तरी बी न्हाय. खाशाबा जाधव घे. हितल्या राजाराम कॉलेजचा गडी. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारतात एकट्याच्या जिवावर कुणी पदक आणलं न्हवतं तवर. पुढं १९५६ चं मेलबर्न हुतं. गुडघा गेला, मेलबर्न गेलं. खाशाबांना गुडघ्यानं थांबवलं, तिथं तुझी मांडी काय घिऊन बसलीस?"

"मग मुरलीकांत पेटकरांचं काय? आपल्याच बाजूचे, सांगली जिल्ह्यातले. फौजेत बॉक्सर होते. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सोनं. ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम."

"पवायला कधी लागलं ते?"

"उपचार म्हणून. डॉक्टरांनी पाण्यात घातलं."

"हां. आता नीट बघ. बॉक्सिंगला परत गेलं का ते?"

"नाही."

"खेळ बदलला. मोडलेल्या अंगाला जे जमंल ते घेतलं. शाणा माणूस. आणि तू? ज्या सायकलीवरनं पडलीस त्याच सायकलीवर, त्याबी पेक्षा वंगाळ वाटेनं."

पेटकरांचं नाव मी हुकमाचा पत्ता म्हणून टाकलं होतं. ते असं उलटेल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्या गोष्टीतलं सोनं पाहत होते, त्यांनी त्यातली निवड पाहिली.

मग मी राही सरनोबतचं नाव काढलं. आपल्या कोल्हापूरची पोरगी, पिस्तुलाची. कोपराच्या दुखापतीनं २०१६ चं रिओ हुकलं. पण खेळ बदलला नाही. तोच हात, तेच २५ मीटर पिस्तूल, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत शूट-ऑफपर्यंत ताणलेल्या फेरीत सोनं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सोनं घेणारी पहिली भारतीय बाई.

"रिओ कवा म्हणालीस?"

"२०१६."

"आणि सोनं २०१८. मधी किती?"

"दोन वर्षं."

"ऑलिम्पिक सोडलं, पण हाताला घाई केली न्हाय. आजून कोण?"

"ग्रेग लेमाँड. अमेरिकन. १९८७ च्या एप्रिलमध्ये शिकारीत मेहुण्याच्या बंदुकीचे छर्रे लागले, जेमतेम जगला. तीसेक छर्रे अंगात तसेच ठेवून १९८९ ची टूर द फ्रान्स जिंकला. आठ सेकंदांनी. तीन आठवडे सायकल चालवून शेवटी फरक आठ सेकंदांचा."

"१९८७, आणि १९८९." मामांनी दोन बोटं वर केली. "परत दोन वर्सं. आणि तुझी तारीख?"

"अकरा महिने."

ते काही बोलले नाहीत. पलीकडं एका बाईनं पोराच्या तोंडाला पेला लावला, पोरगं नाकानं फेस उडवत पीत होतं. मामा त्याच्याकडं बघत राहिले, आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. घरात सगळ्यांना ती तुकड्यातुकड्यानं माहीत होती, सलग मी त्या दिवशीच ऐकली.

तालमीत सराव करताना पट काढायला गेले आणि गुडघ्यात काहीतरी तुटलं. आज डॉक्टर त्याला लिगामेंट म्हणतील. तेव्हा हाडवैद्यानं तेल लावून बांधलं, सूज महिन्यात उतरली, चालताना दुखायचं थांबलं. चौथ्या महिन्यात एका गावच्या जत्रेचा फड होता. जत्रा कमिटीनं पोस्टर आधीच छापलं होतं, त्यावर मामांचं नाव मोठ्या अक्षरात. वस्ताद नको म्हणत होते. वस्तादांना बरं नव्हतं, ते फडाला आले नाहीत. मामा गेले. सहाव्या मिनिटाला समोरच्यानं एकेरी पट ओढला आणि गुडघा असा वळला की मैदानातल्या माणसांनी तोंडं फिरवली.

"दुखत न्हवतं गं. हेच सांगतोय तुला. दुखत न्हाय म्हणून मला वाटलं, मी हाय. अंग खोटं बोलतंय अशा वक्ताला. आणि आपुन त्येचं खोटं लई आवडीनं ऐकतोय."

मी गप्प बसले. माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते अशा वेळी काढावंसं वाटेना. थोड्या वेळानं तरी बोललेच, कारण मला ते मनापासून वाटतं. "मामा, तुमचा गुडघा गेला तो मैदानात. पण मैदानात गेलो नाही म्हणून मी वाचतो असं कुठं आहे? जुलैपर्यंत मला रस्ता ओलांडता येत नव्हता. ट्रॅक्टरचा आवाज आला की हात गार पडायचे. वर्गात पोरं बाक सरकवायची तरी दचकायचो. हाड जुळत आलेलं आणि मी दाराआड. ती भीती घरात बसून वाढत होती, कमी होत नव्हती. मला ती वाटेवरच सोडायची आहे."

"भीती घालवाय शर्यतच पायजे?"

"मला पाहिजे. दुसऱ्या कुणाला नसेल लागत."

मामा बराच वेळ मिशी कुरवाळत बसले. "तुला वस्ताद कोण?"

"फिजिओथेरपिस्ट आहेत की."

"त्या दिवशी वाटंवर असत्याल?"

"नाही."

"मग हो म्हणणार तू, आणि न्हाय म्हणणार बी तूच. माझं ह्येच झालं हुतं."

याला खरंच उत्तर नव्हतं. म्हणून म्हटलं, "मग तुम्ही या."

असा करार झाला. ८८ व्या किलोमीटरला, राधानगरीच्या अलीकडं, जिथून सुट्या खडीचा उतार सुरू होतो, तिथं मामा भाच्याच्या जीपमधून येऊन बसणार. तिथं मी गुडघ्याइतक्या उंच कट्ट्यावर बसायचं आणि हात न टेकता, डावा पाय उचलून, एकट्या उजव्या पायावर उठायचं. पाच वेळा. तालमीतली बैठक आणि फिजिओची चाचणी या बाबतीत एकच निघाल्या. उताराआधीच का, तर तिथं बसून चालत नाही. बूड सीटवरून उचलून, दोन्ही पायडल समांतर धरून, गुडघे किंचित वाकवून मांड्यांवर उभं राहावं लागतं. खड्ड्याचा दणका मांड्या पितात. मांडी थकली की तो दणका हातांत जातो, हात ब्रेक आवळतात आणि पुढचं चाक खडीत रुततं. पाच जमल्या तर पुढचे ५२ किलोमीटर माझे. नाही जमल्या तर जीप.

डिसेंबरात पहाटे पाचला रंकाळ्याच्या काठावरून निघालो. टायरमध्ये नेहमीपेक्षा हवा कमी, म्हणजे दगडावर चाक उडत नाही, बसतं. कॅनॉलच्या वाटेवर धुकं होतं आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर त्यात मिसळून सगळ्या रानाला गोड, करपट वास येत होता. पहिले ४० किलोमीटर मी फक्त आवाज ऐकला. चर्र, चर्र, चर्र. दोन्ही सारखे. इतका आनंद मला एक्स-रे पाहूनही झाला नव्हता.

४६ व्या किलोमीटरला पाणंद. दोन्ही बाजूंनी उभा ऊस, पाती दंडांवर ओरखडे काढतायत, आणि समोरून आवाज आला. आधी टेपवरचं गाणं, मग ट्रॅक्टर. पाणंद इतकी अरुंद की एक जणच जाईल. मी उतरले, सायकल उसात घातली आणि पाठ उसाला लावून उभी राहिले. उजवा पाय थरथरायला लागला. थकल्यानं नाही, ते मला ओळखता येतं. ट्रॅक्टरवरच्या पोरानं मला पाहिलं, इंजिन बंद केलं, मग गाणंही बंद केलं. "सावकाश जावा ताई, मी थांबतो," म्हणाला. मोळ्या रचलेल्या त्या ट्रॉलीच्या अंगाला अंग घासत मी सायकल पलीकडं काढली. उसाच्या कापलेल्या बुडख्यांतून रस गळत होता, माझ्या बाहीला चिकटला. पलीकडं जाऊन पाय थांबेपर्यंत उभी राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. त्यानं मागं वळून हात केला आणि मग इंजिन सुरू केलं.

मामांना मी नंतर सांगितलं, शर्यत माझ्यापुरती तिथं झाली होती. ते म्हणाले, मग तितंच थांबायचं हुतंस की. हे आमचं अजून मिटलेलं नाही.

सत्तरच्या पुढं जांभ्याचा चढ लागला. लाल दगड, वर लाल धूळ, ऊन मानेवर. पंचाहत्तराव्या किलोमीटरच्या आसपास मला ऐकू आलं. चर्र, गप्प. मी गिअर हलका केला. काही वेळ परत सारखं झालं. मग पुन्हा चर्र, गप्प. मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. हे लिहिताना मला अवघड जातंय, पण खरं आहे. दुखत नव्हतं.

८८ ला मामा देवळाच्या कट्ट्यावर बसले होते, शेजारी थर्मास. "बस," म्हणाले. हेल्मेटसुद्धा काढू दिलं नाही.

पहिल्या दोन सरळ गेल्या. तिसरीला कंबर जरा कलली, पण उठले. चौथीला मांडीत आग पेटली. पाचवीला मी श्वास रोखला, उठले, सरळ उभी राहिले आणि म्हटलं, "पाच."

"चार."

"मामा, उठलो की मी पूर्ण!"

"डावा पाय टेकलास."

"नाही टेकला."

"बोटं टेकली. मी पायाकडं बघत हुतो, तू माझ्या तोंडाकडं बघत हुतीस."

भाचा थर्मासचं झाकण काढत होता, त्यानं पाहिलं नव्हतं. देवळाच्या फरशीवर लाल धुळीत आमच्या पायांचे इतके ठसे होते की त्यावरून काही सांगता येईना. पोचायला चार तास वीस मिनिटं उरली होती. ५२ किलोमीटर. मी मनात हिशेब केला, सहज बसत होता.

"मामा, शेवटच्यात फक्त तोल गेला असेल."

"उतारावर बी तोलच लागतोय."

मी त्यांच्याशी भांडू शकले असते. त्यांचं वय ६७, जीपच्या दारातून उतरायलाही त्यांना आधार लागतो, मला त्यांनी काय अडवलं असतं? पण त्यांच्याकडं पाहिलं तर ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांची नजर माझ्या उजव्या मांडीवर होती, आणि हात स्वतःच्या गुडघ्यावर. मी क्लीटचे बूट काढले.

जीपनं आम्ही तोच उतार उतरलो. खिडकीतून मला आमची मंडळी दिसत होती, पायडलवर उभी, गुडघे वाकवलेले, धूळ उडवत. एकेकाच्या मांड्या मी बघत होते. मला वाटतं, मी उतरले असते. मामांना वाटत नाही. परत येताना त्यांनी विचारलं, पंचाहत्तरच्या पुढं कसं वाजत हुतं? मी खरं सांगितलं. त्यांनी फक्त "हं" केलं आणि थर्मासमधलं दूध माझ्यासमोर धरलं.

पुढची तारीख पुढच्या डिसेंबरातली आहे. तोपर्यंत २३ महिने होतील. मामांनी स्वतः बोटांवर मोजून सांगितलं, आजून एक कमीच पडतोय.

परवाच्या रविवारी मांडी मोजली. दीडाचा एक सेंटीमीटर झाला आहे. कट्ट्यावर जाऊन मामांना सांगितलं.

"टेप कुणी धरली हुती?"

"मीच."

"आईला धरू दे," म्हणाले आणि दुसरा पेला मागवला.